मोटारगाडीच्या सायलेन्सर-यंत्रणेचे जुने भाग घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पेट्रोल हॅचबॅक गाडी २०११ सालची आहे आणि तिच्या खालच्या पाइपांपैकी बहुतेक भाग गेल्या काही वर्षांत एकेक करून बदलले गेले आहेत. त्यांतले काही नवे घेतले, काही जुन्या बाजारातून आणले. जुन्या भागांच्या व्यवहारात पैसे वाचले तसे दोनदा वायाही गेले. ओळखीची मंडळी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘सायलेन्सर’ बदलायचा आहे, असे दुकानदाराला सांगितले तर पुरेसे नाही का?

नाही. बोलताना आपण इंजिनापासून मागच्या बंपरखालच्या नळीपर्यंतच्या सगळ्या पाइपाला सायलेन्सर म्हणतो आणि दुकानातला गोंधळ तेथूनच सुरू होतो. इंजिनाच्या हेडला बोल्टांनी आवळलेला, बिडाचा किंवा जाड पोलादाचा जो भाग सर्व सिलेंडरांचा धूर एका तोंडाशी आणतो, तो मॅनिफोल्ड. त्याच्या खाली, किंवा बऱ्याच अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत त्याला जोडूनच, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅट’ किंवा ‘कॅटकॉन’ म्हणतात. धुरातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिजन सेन्सर त्याच्या आधी आणि नंतर बसवलेले असतात. पुढे इंजिनाचे हादरे पाइपात उतरू नयेत म्हणून जाळीने मढवलेला लवचीक तुकडा येतो, तो ‘बेलो’. त्यानंतर मधला पाइप, काही गाड्यांत त्यावरचा छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मागचा मोठा डबा, ज्याला मफलर किंवा खऱ्या अर्थाने सायलेन्सर म्हणता येईल. यांखेरीज सांध्यांतली पॅकिंग, पाइप लोंबकळत ठेवणारी रबरे आणि उष्णता अडवणारे पत्रे असतात. यांतला कोणता भाग गेला आहे हे गाडी लिफ्टवर घेऊन आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आवाज मागून येतो म्हणून मागचा डबा बदलला आणि भोक मात्र बेलोलाच निघाले, असे पुष्कळदा घडते.

जुना भाग घेणे खरोखर परवडते का?

प्रत्येक वेळी नाही, आणि पूर्वीपेक्षा आता कमी वेळा परवडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या बाजारात पाऊल टाकण्याआधी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे पार्ट नंबर सांगून नव्या भागाची किंमत विचारून घ्यावी, आणि त्याच वेळी बाहेरच्या चांगल्या बनावटीच्या भागाचीही चौकशी करावी. पुण्यात नाना पेठेत एक फेरी मारली की ही चौकशी अर्ध्या दिवसात होते. हे दोन आकडे खिशात असल्याशिवाय जुन्याची किंमत स्वस्त की महाग हे कळणारच नाही. मी स्वतःसाठी घालून घेतलेला नियम असा की कंपनीच्या नव्या भागाच्या निम्म्याहून अधिक रक्कम जुन्यासाठी द्यायची नाही, कारण जुन्याला हमी नसते आणि तो बसवण्याची मजुरी नव्याइतकीच लागते.

ज्या गाड्यांचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे असते. तेथे नवा मॅनिफोल्ड किंवा उष्णतेचा पत्रा मिळतच नाही आणि दुसऱ्या गाडीतून निघालेला माल हाच मार्ग उरतो.

कोणते भाग जुने घ्यावेत आणि कोणते मुळीच घेऊ नयेत?

जाड धातूचे आणि ज्यांचे अंतरंग डोळ्यांना दिसू शकते असे भाग जुने घ्यायला हरकत नाही. मॅनिफोल्ड, फ्लँज (पाइपाच्या टोकाची, बोल्टांनी जोडायची सपाट चकती), पाइप धरून ठेवणारे कंस, उष्णतेचे पत्रे, सरळ मधला पाइप हे सगळे त्यात आले. मागचा डबा घ्यावा, पण पुढे सांगितलेली तपासणी केल्यावरच. बेलो जुना घेऊ नये. त्याची जाळी बाहेरून शाबूत दिसत असली तरी आतली घडीदार नळी थकलेली असते, आणि नवा बेलो कापून-जोडून बसवणे स्वस्तात होते. पॅकिंग आणि रबरे जुनी घेण्याचा विचारही करू नये. कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर यांविषयी मला अधिक सांगायचे आहे, म्हणून त्यांचे प्रश्न खाली स्वतंत्र घेतले आहेत.

बाहेरून चांगला दिसणारा डबा आतून सडलेला असू शकतो का?

असू शकतो, आणि बहुतेक वेळा सडण्याची सुरुवात आतूनच झालेली असते. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. इंजिन व पाइप पुरते तापलेले असतील तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु जी गाडी रोज घरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत किंवा भाजी मंडईपर्यंत जाऊन परत येते, तिचा मागचा डबा कधी पुरता तापतच नाही. ती वाफ डब्यात निवते, पाण्यात धुरातली आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. सकाळी गाडी चालू केल्यावर नळीतून टपटप पाणी पडते ते हेच. म्हणूनच ‘कमी चाललेल्या गाडीचा माल आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य डब्याच्या बाबतीत शिफारस ठरत नाही. महामार्गावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचा डबा शहरात वीस हजार चाललेल्या गाडीच्या डब्यापेक्षा पुष्कळदा धडधाकट निघतो.

माझा पहिला तोटा याच डब्यात झाला. एका रविवारी बाजारातून ९०० रुपयांना मागचा डबा आणला. त्यावर रुपेरी रंग इतका ताजा होता की बोटांना वास लागला, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. घरी येऊन तो फरशीवर उभा धरून तळहाताने थोपटला, तर नळीतून मूठभर तांबूस भुकटी पडली. तरीही मी तो बसवला. तीन आठवड्यांनी खंबाटकी घाट चढताना खालची शिवण उसवली आणि साताऱ्यापर्यंत गाडीत बोलणे अशक्य झाले.

तेव्हापासून मी डबा घेताना तीन गोष्टी न चुकता करतो. दोन्ही हातांत उचलून तो कानाशी हलवतो. आत काही खुळखुळत असेल तर आतल्या जाळीच्या नळ्या किंवा पडदे सुटलेले आहेत असे समजावे. मग तो उलटा करून खालच्या बाजूने, विशेषतः शिवणीवर आणि पाइप डब्यात शिरतो त्या जागी, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकतो. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो आणि सडलेल्याचा बद्द; दोन-चार डबे ठोकून पाहिले की कानाला फरक उमगतो. शेवटी ड्रायव्हरचे टोक तेथेच जोराने दाबतो. विक्रेता ‘साहेब, भोक पाडाल’ म्हणाला तर त्याला एवढेच सांगावे की चांगल्या पत्र्याला हाताने भोक पडत नाही.

डब्याच्या तळाशी सुईच्या नाकाएवढे एक भोक काही वेळा दिसते. ते पाणी निघून जाण्यासाठी कारखान्यातच ठेवलेले असते. कोणी ते ‘लीक’ समजून वेल्डिंगने बुजवले असेल तर तो डबा परत ठेवून द्यावा.

चुंबक चिकटले तर तो स्टेनलेस नाही, हे खरे का?

खरे नाही. गाड्यांच्या पाइपांसाठी ४०९ या प्रकारचे स्टेनलेस पोलाद मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि त्याला चुंबक चिकटते. त्यावर वरवरचा तपकिरी गंजही येतो, पण तो खोल जात नाही. ३०४ प्रकाराला चुंबक सहसा चिकटत नाही. चुंबकाचा एक वेगळा उपयोग मात्र होतो: भोकावर पुट्टीसारखा मसाला भरून वर रंग मारला असेल तर तेवढ्या जागी चुंबकाची पकड सुटते.

जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घ्यावा का?

माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. हे मत समजण्यासाठी त्याच्या आत काय असते ते पाहायला हवे. पोलादी कवचात चिनी मातीसारख्या पदार्थाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक चौकोनी छिद्रांचा ठोकळा असतो. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर हा लेप कामाला लागतो: कार्बन मोनॉक्साइडचे आणि न जळलेल्या इंधनाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून पुन्हा नायट्रोजन तयार होतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसे या लेपाला निकामी करते, त्यामुळे त्याच काळात शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागले.

आता जुना कॅट हातात घेतल्यावर ठोकळा अखंड आहे की नाही एवढे आपण पाहू शकतो. लेप जिवंत आहे की नाही हे डोळ्यांना, कानांना किंवा तराजूला कळत नाही. ज्या इंजिनात तेल जळत होते त्या गाडीतला कॅट दिसायला उत्तम असूनही तेलातल्या घटकांमुळे निकामी झालेला असू शकतो. तो बसवल्यावर काही दिवसांनी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो किंवा पीयूसीत आकडे वर जातात, आणि तोवर विक्रेता परत घेत नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. या धातूंसाठी कॅट विकत घेणारे व्यापारी रोख पैसे मोजतात. मग अखंड, चालू स्थितीतला कॅट एखादा माणूस आपल्याला स्वस्तात का देतो, याचे पटणारे उत्तर फार क्वचित मिळते.

मग बाजारात इतके कॅट दिसतात ते कसे? त्यांतला रिकामा कसा ओळखावा?

त्यांतल्या पुष्कळांचे कवच तेवढे खरे असते. कवच वरच्या, म्हणजे गाडीला लागून असलेल्या बाजूने कापतात, ठोकळा काढून घेतात, पुन्हा वेल्डिंग मारतात आणि धूर-तेल फासून टाका जुना दिसेल असे करतात. कारखान्यातील शिवण एकसारखी, सरळ आणि अरुंद असते. हाताने मारलेला टाका जाडाबारीक असतो आणि त्याच्या भोवती पत्र्याचा रंग निळसर-जांभळा पडलेला दिसतो. बोटाने रेघ चाचपून पाहिली तरी फरक कळतो.

आमच्या गल्लीतल्या फिटर मामांनी मला दाखवलेली रीत त्याहून सोपी आहे. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून एका तोंडाशी धरली आणि दुसऱ्या तोंडातून मला पाहायला सांगितले. चांगल्या कॅटमधून मंद, सारख्या चौकटींचा उजेड आला. जणू बारीक जाळीच्या खिडकीआड कोणी दिवा ठेवला होता. दुसऱ्यातून उजेड थेट डोळ्यात घुसला, कारण आत काहीच नव्हते. तिसऱ्यात एका बाजूची छिद्रे वितळून काचेसारखी चकाकत होती. इंजिनात ठिणगी चुकत राहिली की न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये येऊन जळते आणि ठोकळा असा वितळतो. ज्यांच्या तोंडाला वळण आहे त्यांत उजेड सरळ दिसत नाही. तेथे त्याच गाडीच्या कॅटशी वजनाची तुलना करावी आणि हलवून खुळखुळ ऐकावी.

रिकामा कॅट जाणूनबुजून बसवून घेणारेही आहेत. गाडी हलकी पळते, असे त्यांना सांगितलेले असते. चालू गाडीचा कॅट काढणे हा प्रदूषणाच्या नियमांचा भंग आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) नुसार, २०१९ च्या सुधारणेनंतर, पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात आणि परवाना तीन महिन्यांसाठी जातो. आणि तो धूर आपल्याच सोसायटीच्या वाहनतळावर, सायकल शिकणाऱ्या मुलांच्या नाकाशी सुटत असतो. मला दंडापेक्षा याचे अधिक वाटते.

चोरीचा माल आपल्याकडे आला तर आपण अडचणीत येतो का?

येऊ शकतो. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीत कापून नेण्याचे प्रकार मोठ्या संख्येने घडले, टोळ्याही पकडल्या गेल्या. चोरांना डब्याशी देणेघेणे नव्हते, कॅटमधली भुकटी हवी होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, ती स्वीकारणे हा गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकावे असे वाटत असेल तर बिल असलेच पाहिजे. पाइपाच्या टोकाला ग्राइंडरने कापल्याची ताजी, चकचकीत कड दिसत असेल आणि फ्लँजचे बोल्ट शाबूत असतील, तर तो भाग घाईत कापून आणलेला आहे. गाडी रीतसर मोडणारा माणूस वेळ घेऊन बोल्ट सोडवतो, कारण फ्लँजसह भागाला जास्त भाव येतो.

जुने भाग कुठे मिळतात?

मुंबईत कुर्ला-कालिना भागातला सीएसटी रोड यासाठी प्रसिद्ध आहे; तेथे गाडीचे नाव आणि साल सांगितले की कोणीतरी कोणाला तरी हाक मारतो आणि दहा मिनिटांत भाग समोर येतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण तेथे विक्रेत्याचा पत्ता पुन्हा सापडेलच असे नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रे उभी राहिली आहेत. तेथे आलेल्या प्रत्येक गाडीची कागदपत्रे तपासलेली असतात, त्यामुळे तेथून निघालेल्या मालाचा उगम स्वच्छ असतो. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारी असे केंद्र असेल तर पहिला फोन तेथे करावा.

ऑनलाइन जाहिरातींवरून मागवायचे असल्यास पाइपाची दोन्ही तोंडे आतून दिसतील अशी छायाचित्रे आणि हलवतानाचा आवाजासह व्हिडिओ मागावा. जो हे द्यायला कंटाळतो, त्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत.

आपल्या गाडीला बसेल हे आधी कसे कळणार?

गाडीचे नाव एक असले तरी पाइप एक असेलच असे नाही. गाडीच्या धुरासाठीची बीएस-४ ही मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ ही १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्या त्या वेळी त्याच नावाच्या गाडीत कॅटची जागा, सेन्सरांची संख्या आणि फ्लँज बदलल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पेट्रोल, डिझेल आणि कंपनीकडून आलेली सीएनजी या आवृत्त्यांतही फरक असतो. म्हणून चेसिस नंबर सांगून अधिकृत विक्रेत्याकडून पार्ट नंबर काढून घ्यावा आणि जुन्या भागावर कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक त्याच्याशी जुळवावा.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे काढलेला भाग सोबत नेणे. ते जमत नसेल तर व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) पाइपाचा बाहेरचा व्यास, फ्लँजला दोन बोल्ट आहेत की तीन, त्या भोकांच्या मध्यांतले अंतर आणि रबरे अडकवायच्या हुकांच्या जागा टिपून न्याव्यात. हुक दोन बोटे इकडेतिकडे असला तरी डबा तिरका बसतो, मागच्या ॲक्सलला किंवा बंपरला घासतो, आणि मग प्रत्येक गतिरोधकावर खालून ठोका ऐकू येतो. ‘वाकवून बसवू’ या आश्वासनावर विसंबू नये.

मॅनिफोल्ड घेताना त्याच्या तोंडांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का पाहावे. उजेड सलग दिसत असेल तर तो उष्णतेने वाकलेला आहे. थोडे वाकणे लेथवाल्याकडे घासून सुधारता येते, म्हणून तेवढ्यावरून तो नाकारू नये. तडा मात्र नाकारण्याचे पुरेसे कारण आहे. बिडाला पडलेला तडा रस्त्यावरच्या वेल्डिंगने टिकत नाही.

जुना ऑक्सिजन सेन्सर चालेल का?

घेऊ नये. तो झिजणारा भाग आहे. म्हातारा झाला की पुरता बंद न पडता फक्त सावकाश प्रतिसाद देऊ लागतो, आणि तेवढ्यानेही इंधन जास्त जाते. जुन्या कॅटबरोबर फुकट मिळाला तरी आपलाच चालू सेन्सर बसवावा.

डिझेल गाडीचा डीपीएफ जुना मिळतो. तो घ्यावा का?

बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी उच्च तापमानाला जळून जाते, पण इंजिन तेलापासून उरणारी राख जळत नाही. ती साचत जाते आणि बाहेरून पाहून किती साचली ते कळत नाही. शिवाय दुसरा डीपीएफ बसवल्यावर गाडीच्या संगणकातली साचलेल्या काजळीची नोंद स्कॅनरने नव्याने करावी लागते. ज्याच्याकडे तो स्कॅनर आणि दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक मोजण्याची सोय आहे, अशा गॅरेजनेच आणून लेखी जबाबदारी घेतली तर विचार करावा. एरवी आहे तोच साफ करून मिळतो का ते पाहावे.

कोकण, गोवा किंवा पुरात सापडलेल्या गाड्यांचा माल टाळावा का?

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पाइपाला बाहेरूनही गंज धरतो, विशेषतः पट्ट्यांच्या आणि उष्णतेच्या पत्र्याच्या आड. तेथून आलेला भाग पत्रे काढून पाहावा. पुराची गाडी त्याहून वाईट. तापलेल्या कॅटवर थंड पाणी चढले की ठोकळ्याला तडे जातात आणि डब्याच्या आत बसलेला गाळ कधी पुरता निघत नाही. नळीत बोट घालून फिरवावे: कोरडी काळी काजळी लागली तर ठीक, मातकट थर लागला तर तो भाग पाण्याखाली होता.

बसवताना काय सांभाळावे?

पॅकिंग आणि नट-बोल्ट नवे घ्यावेत, मग भाग कितीही जुना असो. गंजलेले बोल्ट सोडवण्याआधी त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे. घाई केली की मॅनिफोल्डचा स्टड (हेडमध्ये रोवलेला बोल्ट) हेडमध्येच तुटतो आणि तो काढण्याची मजुरी भागाच्या किमतीहून जास्त होते. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीचे वजा टर्मिनल आधी काढायला सांगावे, नाहीतर गाडीच्या संगणकाला इजा होऊ शकते. पाण्याच्या जीआय पाइपाचा तुकडा जोडून काम भागवण्याची रीत आपल्याकडे आहे, ती टाळावी: त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन उडतो आणि तो वेल्डरच्या छातीत जातो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, जाऊ नये.

बसवल्यावर गळती नाही याची खात्री कशी करावी?

इंजिन थंड असताना ते चालू करावे आणि दुसऱ्या माणसाने जाड ओला फडका क्षणभर मागच्या नळीवर दाबून धरावा. सांध्यातून फुसफुस आली तर तेथे गळती आहे. साबणाचे पाणी लावल्यास फुगे येतात. काही दिवसांनी सांध्याभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला, तरी अर्थ तोच.

ही तपासणी आवाजासाठी कमी आणि जिवासाठी जास्त आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पाइपातून सुटलेला वायू गाडीच्या तळातल्या फटींतून आत येतो. काचा बंद करून एसी लावून उभ्या गाडीत झोपणाऱ्यांना तो झोपेतच गाठतो. दूरच्या प्रवासात गाडीतल्या सगळ्यांचेच डोके एकाच वेळी जड होऊ लागले तर काचा उघडून गाडी थांबवावी आणि बाहेर यावे.

पहिल्या सेन्सरच्या आधीच्या सांध्यातली गळती मायलेजही खाते. तेथून आत ओढली गेलेली हवा सेन्सरला दिसते, इंधन कमी पडते आहे असे संगणकाला वाटते आणि तो ते वाढवत राहतो.

पीयूसीत अडचण येईल का?

भाग चांगला असेल तर नाही. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल मोटारींसाठी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, २०० पीपीएम (दशलक्ष भागांत २००) आहे. भाग बदलण्याआधीची पीयूसीची पावती जपून ठेवावी आणि बदलल्यावर जुन्या प्रमाणपत्राची मुदत बाकी असली तरी पुन्हा चाचणी करून घ्यावी. दोन पावत्या शेजारी ठेवल्या की आपल्याला काय मिळाले ते कळते, आणि भाग परत करायची वेळ आली तर तोच पुरावा उपयोगी पडतो.

मोठ्या आवाजाचा जुना सायलेन्सर स्वस्त मिळतो आहे. बसवू का?

नाही. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरवतात ते आपण पाहतोच, आणि रुग्णालयाजवळ राहणाऱ्याला विचारले तर तो आवाज काय असतो ते कळेल.

बिलावर काय लिहून घ्यावे?

दुकानाचे नाव व पत्ता, भागाचे नाव, पार्ट नंबर, ज्या गाडीतून तो निघाला तिचे मॉडेल आणि शक्य असल्यास नोंदणी क्रमांक, आणि ‘बसला नाही तर इतक्या दिवसांत परत’ हे शब्द. बहुतेक विक्रेते तोंडी हो म्हणतात. कागदावर लिहायला जो तयार होतो त्याला शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी मी देतो.

काढलेला जुना भाग गॅरेजमध्येच सोडून यावा का?

डबा किंवा पाइप असेल तर भंगाराच्या भावाने तो मजुरीतून वजा करून घ्यावा. कॅट मात्र सोडून येऊ नये. तो बंद पडला असला तरी आतल्या धातूंना किंमत आहे आणि हे गॅरेजला ठाऊक असते. माझा पहिला कॅट मी ‘ठेवा तुमच्याकडेच’ म्हणून देऊन आलो, तो माझा दुसरा तोटा. काम सुरू होण्याआधीच ‘काढलेला कॅट मला परत हवा’ असे सांगावे, घेताना बॅटरीच्या उजेडात ठोकळा आत आहे ना ते पाहावे, आणि विकायचा झाल्यास नोंदणीकृत मोडणी केंद्राला किंवा बिल देणाऱ्या व्यापाऱ्यालाच द्यावा. घरी तो कापून पाहू नये. आतल्या ठोकळ्याची आणि त्याभोवतीच्या तंतुमय वेष्टनाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.